टॅटल लाइफ: टीका की नुसत्या कुचाळक्या?

खवचट_मावशी:
टॅटल लाइफ ही 2018 पासूनची इंग्लंडमधली साइट, तिथे लोक खोट्या नावाने इन्फ्लुएन्सर मंडळींची सालं काढतात. उत्तर आयर्लंडमधलं एक जोडपं तिथल्या बदनामीवरून कोर्टात गेलं, दोघांना मिळून 3 लाख पौंड भरपाई मंजूर झाली आणि जून 2025 मध्ये मालकाचं नाव जगजाहीर. हेलन नावाची बाई म्हणून वावरत होता, निघाला बाप्या, आणि कहर म्हणजे स्वतःच व्हीगन रेसिप्यांचा इन्स्टावाला!! वर साइटवरच्या जाहिरातींचे पैसे खिशात. मी तर म्हणते बरी जिरली.

लीड्सकर:
मावशी, जरा थांबा. इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, जाहिरात नियामकाने सप्टेंबर 2020 मध्ये 122 इन्फ्लुएन्सर लोकांच्या इन्स्टावरच्या स्टोऱ्या तपासल्या, तर त्यातल्या जाहिरातींपैकी जेमतेम 35 टक्क्यांवर ती जाहिरात आहे असं नीट लिहिलेलं. बाकी सगळं 'मनापासून सांगतेय'. आमच्या हिने अशाच एकीचं ऐकून बाळाचं महागडं दुपटं घेतलं, पहिल्याच धुण्यात रंग गेला, रीलखाली साधं विचारलं तर कमेंट उडवली आणि वर ब्लॉक केलं, मग माणसाने बोलायचं कुठे?

खवचट_मावशी:
दुपट्याबद्दल बोला ना, कोण नको म्हणतंय! पण तिचं घर, तिची पोरं, नवरा टिकेल का, ह्या उखाळ्यापाखाळ्यांत दुपटं कुठे आलं?

चहाबाज:
टॅटलवरचाच 2019 चा किस्सा. एक नावाजलेली आई-इन्फ्लुएन्सर खोट्या नावाने शिरली, म्हणे घरच्यांची बाजू मांडायला, आणि पार वाहवत जाऊन दुसऱ्या आयांना आणि चक्क स्वतःच्या नवऱ्यालाही नावं ठेवताना सापडली. नळावरच्या भांडणात निदान कोण बोलतंय ते तरी दिसायचं.

लीड्सकर:
हो, पण ते सगळे तसेच नसतात हो. कुठली जाहिरात लपवलीये हे स्क्रीनशॉट लावून दाखवणारेही तिथेच असतात, त्यांनाही कुचाळक्या करणारे म्हणून एकाच झाडूने झाडायचं का? आणि नाव लावून लिहायचं म्हणजे तिच्या लाखभर फॉलोअर्सच्या शिव्या खायच्या. दुपट्याचा फोटो आहे अजून, टाकू इथे?

खवचट_मावशी:
टाका की. खाली खरं नाव लिहा फक्त.

लीड्सकर:
आधी तुमचं, मावशी 😄