रोज जोर लावायची गरज नाही

भाऊ, रोज सायकल फुल जोरात चालवल्याशिवाय कन्नड घाटात स्पीड वाढणार नाही असं तुम्ही म्हणताय ते मला अजिबात पटत नाही. रोज धड हळू नाही धड जोरात नाही असं चालवलं की पाय कधी ताजे राहतच नाहीत, मग खरा जोर लावायच्या दिवशी तो लागत नाही. स्टीफन सायलर या क्रीडा-संशोधकाने टॉपच्या एन्ड्युरन्स (म्हणजे लांब पल्ल्याच्या) खेळाडूंचं ट्रेनिंग तपासलं त्यात साधारण ८० टक्के सेशन सोपे आणि २० टक्केच कडक निघाले. सोपं म्हणजे सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यायला हवं, चाळीसगाव-धुळे रोडला असंच जायचं, कोणी ओव्हरटेक केलं तरी जाऊ द्यायचं, आणि हेच सगळ्यात अवघड आहे खरं सांगतो. मग आठवड्यातून दोनदा चढावर ८-८ मिनिटांचे ४ इंटरव्हल म्हणजे जोर लावायचे टप्पे, मध्ये दोन-तीन मिनिटं हलकं पेडल, तेव्हा तोंडातून एक-दोन शब्दच निघाले पाहिजेत. हार्ट रेटवर चालवत असाल तर एक लक्षात घ्या, आपल्याकडे मे महिन्यात ४४ डिग्रीत त्याच स्पीडला ठोके आपोआप चढतात, म्हणून उन्हाळ्यात आकड्यामागे न लागता श्वासावर जा आणि पहाटे ५ लाच निघा.