जुन्या एक्सरेत फ्रॅक्चर होतं, तेव्हा "काही नाही" म्हणाले. केस करता येते का?

सातारकर_८९:
नमस्कार मंडळी, धाकट्या भावाबद्दल विचारायचंय, जरा लांबण लागेल पण वाचा. दीड वर्ष होत आलं, गणपतीत रात्री ड्युटीवरून येताना गाडी घसरली, हातावर पडला. आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेला, डाव्या मनगटाचा एक्सरे काढला, कॅज्युअल्टीत जे डॉक्टर होते त्यांनी फिल्म उजेडात धरून बघितली आणि म्हणाले हाडाला काही नाही, लचकलंय. क्रेप बँडेज, गोळ्या, पाच दिवस आराम. रेडिओलॉजिस्टचा वेगळा रिपोर्ट वगैरे काही नाही. सहाव्या दिवशी तो कामावर गेला. एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे, तिथे दिवसभर चक (जॉब धरणारी पकड) आवळायचा, जॉब उचलायचे. दुखतंय दुखतंय म्हणत सहा महिने काढले, आम्हीही बाम लाव म्हणत राहिलो याचं आता फार वाईट वाटतं. शेवटी पुण्यात दाखवलं तर स्कॅफॉइड नावाचं हाड मोडलंय आणि जुळलंच नाही असं निघालं. कमरेचं हाड काढून तिथे भरलं, स्क्रू टाकला. खर्च सोडा, अजून पान्याला जोर लावता येत नाही त्याला. पुण्याच्या डॉक्टरांनी जुनी फिल्म बघितली आणि फ्रॅक्चरच्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले की हे तेव्हाच दिसतंय. तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. यात केस होते का? कुठे करायची?

क्षकिरण_नाशिक:
दादा, आधी भावाला लवकर बरं वाटो. मी रेडिओलॉजिस्ट आहे, दोन्ही बाजू सांगतो, राग मानू नका. स्कॅफॉइड म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी असलेलं काजूएवढं हाड. त्याला रक्त पुढच्या टोकाकडून मागे येतं, त्यामुळे मधे मोडलं की मागचा तुकडा उपाशी राहतो, म्हणून ते वेळेत प्लास्टरमध्ये बांधलं नाही तर जुळत नाही. आणि हे फ्रॅक्चर पहिल्या दिवशीच्या एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही! त्यात नवल नाही. म्हणूनच आम्हाला शिकवतात की अंगठा ताणल्यावर मनगटाशी जो खळगा पडतो तिथे दाबून दुखत असेल तर एक्सरे नॉर्मल असला तरी स्कॅफॉइड समजून बांधा, हात करंगळीकडे वळवून खास फोटो काढा, आणि दहा ते चौदा दिवसांनी परत एक्सरे करा, तोवर रेघ उघडी पडते. नाहीतर एमआरआय.

म्हणजे माझ्या मते "रेघ दिसली नाही" यापेक्षा "परत बोलावलं का" हा प्रश्न मोठा आहे. मागे वळून बघताना सगळं स्वच्छ दिसतं, पुण्याच्या डॉक्टरांना हाड मोडलंय हे माहीत असताना त्यांनी ती फिल्म बघितली. अमेरिकेत 2013 साली एक प्रयोग छापून आला होता, छातीच्या सीटीत गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमी शोधतात त्या गाठीच्या 48 पट मोठं, तरी 24 पैकी 20 रेडिओलॉजिस्टना ते दिसलं नाही. हे मी आमच्या बचावासाठी सांगत नाहीये, चूक आणि निष्काळजीपणा यात फरक आहे आणि समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार, म्हणून सांगतोय. तुमच्याकडचा केसपेपर शोधा आणि त्यावर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द इथे टाका.

अॅडव्होकेट_ताई:
मी ग्राहक आयोगात डॉक्टरांच्या केसेस दोन्ही बाजूंनी चालवते. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टाने 1995 सालीच सांगितलंय (सगळ्यांवर पूर्ण मोफत उपचार होतात ते सरकारी हॉस्पिटल यात येत नाही). तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि हॉस्पिटलला दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही.

सगळ्यात आधी मुदत बघा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. लोक म्हणतात आम्हाला कळलं तेव्हापासून मोजा, तसं मोजता येतं कधी कधी, पण त्या भरवशावर राहू नका. गोव्यातल्या सरकारी हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका नर्सचं 1993 साली मुंबईत ऑपरेशन झालं, पोटात राहिलेलं गॉज (ऑपरेशनमध्ये रक्त टिपायचं जाळीदार कापड) 2002 साली निघालं, तक्रार 2004 साली केली. 2010 साली सुप्रीम कोर्ट म्हणालं की इतकी वर्षं दुखत होतं आणि तुम्ही स्वतः नर्स आहात, तर आधीच चौकशी करायला हवी होती, आणि तक्रार मुदतीबाहेर ठरली. तेव्हा तुम्ही अपघाताच्या रात्रीपासून मोजा, तुमच्याकडे सहा महिने आहेत.

पोलिसात जायचा विचार डोक्यातून काढा. फौजदारीसाठी ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो, सुप्रीम कोर्टाच्या 2005 च्या निकालापासून तसंच आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते पण तिथे डॉक्टरवर कारवाई होते, भरपाई मिळत नाही. आयोगात तज्ज्ञाचं मत प्रत्येक केसमध्ये लागतंच असं नाही, 2010 मध्ये मलेरियाच्या पेशंटला टायफॉइडची औषधं दिल्याच्या केसमध्ये कोर्टाने तसं म्हटलंय. पण एक्सरेच्या केसमध्ये मी तरी त्याशिवाय उभी राहणार नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलं ते कागदावर देतील का, विचारा. बहुतेक डॉक्टर इथेच मागे सरतात.

आणि हॉस्पिटलला लेखी अर्ज देऊन सगळे कागद मागा, पोच घ्या. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमावलीप्रमाणे 72 तासांत द्यावे लागतात, आणि रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचा त्यातला नियम भरती पेशंटपुरता आहे. एक्सरे डिजिटल असेल तर मूळ इमेज सीडीवर मागा, मोबाईलने काढलेला फोटो चालणार नाही.

वैदर्भीय_लेक:
ताईंनी सांगितलंय त्यात माझी एक भर. फिल्म लॅमिनेट करू नका!! मी केली होती. आईच्या ऑपरेशनआधी छातीचा एक्सरे काढला होता, रिपोर्टमध्ये उजव्या बाजूला गाठ आहे, सीटी करा असं स्पष्ट छापलेलं, आणि सर्जननी ते पान उलटूनच बघितलं नाही, आम्हालाही कुणी सांगितलं नाही. दहा महिन्यांनी खोकल्यातून रक्त आलं तेव्हा मी फाइल उघडली आणि ती ओळ वाचली. त्या ओळीवर मी किती वेळ बोट फिरवत बसले मला आठवत नाही. फिल्म जपायची म्हणून चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे नेली, मशीनच्या गरमीने पूर्ण काळी पडून बाहेर आली, त्या ड्राय फिल्म असतात, उष्णता लागली की गेल्या. नशिबाने रिपोर्टचा कागद होता, केस त्या एका ओळीवर उभी राहिली. पाच वर्षं लागली, काही रक्कम मिळाली, आई तोवर राहिली नाही. तुमची फिल्म गादीखाली, पत्र्याच्या कपाटात, गाडीत कुठे असेल तर आजच काढा.

सातारकर_८९:
सगळ्यांचे मनापासून आभार. वैदर्भीय ताई, तुमच्या आईंचं वाचून गलबलून आलं. फिल्म कपाटावर होती, वर पत्रा, काढून खालच्या खोलीत आणली, ठीक आहे. केसपेपर वहिनीने बिलांच्या पिशवीत ठेवला होता. डॉक्टर, त्यावर असं आहे: "डावं मनगट, पडल्याने मार. एक्सरे एनएडी. क्रेप बँडेज. रिव्ह्यू एसओएस." तारीख आणि सही आहे, बाकी काही नाही.

क्षकिरण_नाशिक:
एनएडी म्हणजे काही दोष दिसला नाही. एसओएस म्हणजे गरज वाटली तर या. कुठे दाबून बघितलं, खळग्यात दुखत होतं का, याची नोंदच नाही, आणि दहा दिवसांनी या असंही नाही. रेघेवरून डॉक्टर डॉक्टरशी वाद घालत बसतील, पण या चार शब्दांवर घालता येणार नाही. ताई, तुम्हाला काय वाटतं?

अॅडव्होकेट_ताई:
सहमत. दादा, याची सर्टिफाइड प्रत हॉस्पिटलकडून घ्याच, त्यांच्या प्रतीवर नंतर "दहा दिवसांनी बोलावलं" असं उगवलं तर तुमची प्रत कामाला येईल. भावाच्या पगाराच्या स्लिपा, बिनपगारी रजेचं कंपनीचं पत्र, पुण्याचं डिस्चार्ज कार्ड एकत्र करा.

सातारकर_८९:
उद्या सेकंड शिफ्ट आहे, सकाळी दहाला अर्ज घेऊन जातो. भाऊ येतो म्हणतोय, सही त्याचीच लागेल ना?

अॅडव्होकेट_ताई:
हो, पेशंट तो आहे, अर्ज त्याच्याच नावाने. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून घ्या.