मदत हवी आहे: ग्लुर्न्स, इटलीतलं तटबंदीचं गाव

मंडळी, सप्टेंबरमध्ये दक्षिण टिरोलला जातोय. आदिजे नदीच्या वरच्या खोऱ्यातलं ग्लुर्न्स (इटालियन नाव ग्लोरेन्झा) पाहायचंय. वस्ती जेमतेम हजारभर, तरी शहराचा दर्जा! १४९९ च्या काल्वेनच्या लढाईनंतर गाव जाळलं गेलं, मग १६व्या शतकात नवा तट उभा राहिला. तीन वेशींसकट तो अजून शाबूत आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, बोली मात्र जर्मनच.

कुणी गेलंय का? तटावर चढता येतं का? गावाला रेल्वे स्टेशन नाही, तर माल्सला उतरून चालत जाणं आईला (वय ६८) झेपेल का? आणि रेशेनच्या तलावातला तो बुडालेला चर्चचा मनोरा त्याच दिवशी उरकेल?