पाच जणांच्या गेम-टीमसाठी स्वतःचा व्हर्जन कंट्रोल सर्व्हर: पर्फोर्स, एसव्हीएन की गिट?

प्रश्न – भाट्येकिनारा

नमस्कार. आम्ही पाच जण अनरिअल इंजिन ५ वर एक गेम तयार करीत आहोत. तिघे रत्नागिरीत, एक कुडाळला आणि ध्वनीचे काम पाहणारी सहकारी मालवणला आहे. सध्या सारा प्रकल्प एका सामायिक ऑनलाइन फोल्डरमध्ये आहे आणि दोघांनी एकच लेव्हल उघडून सेव्ह केली की एकाचे काम बिनबोभाट नाहीसे होते. प्रकल्पाचा आकार ६० जीबीच्या आसपास आहे. गिटहब (गिटचा साठा ऑनलाइन ठेवणारी सेवा) साध्या गिटमध्ये १०० एमबीहून मोठी फाइल स्वीकारत नाही, आणि एलएफएसच्या (मोठ्या फाइलींसाठीची गिटची जोड) वाढत्या साठ्याचे पैसे दरमहा भरत राहणे आम्हाला झेपणारे नाही. घरी एक जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यावर लिनक्स टाकून व्हर्जन कंट्रोलचा, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारा, सर्व्हर उभा करावा असा विचार आहे. कोणते सॉफ्टवेअर निवडावे, आणि आपल्याकडची वीज व पावसाळा पाहता हा विचार कितपत शहाणपणाचा ठरेल?

उत्तर – जांभा_दगड

आपली खरी अडचण साठ्याची नसून लॉकची आहे. अनरिअलच्या युअ‍ॅसेट आणि युमॅप (गेमचे घटक व लेव्हल साठवणाऱ्या) या फाइली बायनरी असतात, म्हणजे साध्या मजकुराच्या नसतात. दोघांनी केलेले बदल मजकुरासारखे एकत्र करता येत नाहीत, आणि ब्लूप्रिंटलाही (अनरिअलमधले चित्ररूप प्रोग्रॅमिंग) हाच नियम लागू पडतो. त्यामुळे एकाने फाइल हाती घेतली की इतरांना ती बदलता येणार नाही, अशी सोय असणारेच साधन हवे.

पर्फोर्समध्ये ही सोय मुळातच आहे. टाइपमॅपमध्ये (फाइलींचे प्रकार ठरवणाऱ्या यादीत) या प्रकारांपुढे ‘बायनरी+एल’ लिहिले की एका वेळी एकालाच चेकआउट (फाइल बदलण्यासाठी हाती घेणे) मिळतो, आणि तो अनरिअलच्या एडिटरमधूनच करता येतो. पाच वापरकर्ते आणि वीस वर्कस्पेसपर्यंत (वर्कस्पेस म्हणजे एखाद्या संगणकावरील प्रकल्पाची कामाची प्रत) ते विनामूल्य आहे. आपण नेमके पाच आहात, म्हणजे दोरी ताणलेलीच आहे. सहावा माणूस आला, किंवा बिल्डच्या (गेम आपोआप तयार करणाऱ्या) यंत्रासाठी वेगळे खाते काढले, की परवान्याचा प्रश्न उभा राहील. तसे होण्याचा संभव असेल तर आजच एसव्हीएनचा विचार करावा.

कोणतेही साधन घेतले तरी इंटरमीडिएट, सेव्ह्ड आणि डिराइव्ह्ड-डेटा-कॅश हे फोल्डर सर्व्हरवर चढवू नयेत. इंजिन ते पुन्हा तयार करते. आपल्या ६० जीबींपैकी बराच भाग तोच असण्याची शक्यता आहे.

उत्तर – वेंगुर्ल्याचा_काजू

एसव्हीएनला वापरकर्त्यांची मर्यादा नाही, अनरिअलमध्ये त्याचा आधार आहे, आणि फाइलींना ‘नीड्स-लॉक’ हा गुणधर्म लावला की लॉक घेईपर्यंत त्या केवळ वाचण्यापुरत्या राहतात. कमिट करताना (बदल सर्व्हरवर पाठवताना) बायनरी फाइलीतला फरक तेवढाच पाठवला जातो, ही मंद अपलोडवर मोठीच सोय आहे. उणीव एवढीच की प्रत्येक फाइलीची मूळ प्रत संगणकावर वेगळी ठेवली जाते, म्हणून डिस्कवर जवळजवळ दुप्पट जागा लागते.

उत्तर – सुवर्णदुर्ग_७

जागेविषयी लिहितो, कारण सॉफ्टवेअरपेक्षा मला तीच बाब अधिक जोखमीची वाटते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत आले, तेव्हा आमच्या दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी जुलैत चिपळूणात वाशिष्ठीचे पाणी शिरले. सर्व्हर घरी ठेवण्यास माझी हरकत नाही, पण दुसरी प्रत जिल्ह्याबाहेर, भाड्याच्या साठ्यावर, रोज रात्री गेलीच पाहिजे. पर्फोर्सच्या बाबतीत चालू सर्व्हरच्या डेटाबेस फाइली तशाच उचलून चालत नाही. आधी चेकपॉइंट (डेटाबेसची सुसंगत प्रत) घ्यावा, मग तो आणि प्रत्यक्ष फाइलींचा साठा असे दोन्ही पाठवावे. अधूनमधून दुसऱ्या संगणकावर तो बॅकअप उतरवून प्रकल्प खरोखर उघडतो का, हेही पाहावे.

घरगुती इन्व्हर्टर वीज गेल्यावर क्षणभर उशिरा लागतो आणि तेवढ्यात डेस्कटॉप रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून यूएसबी जोडणी असलेला यूपीएस घ्या. बॅटरी उतरू लागली की ‘नट’ हे मोफत सॉफ्टवेअर सर्व्हर रीतसर बंद करते. यंत्र जमिनीवर ठेवू नका, आणि घर खाडीलगत असेल तर खाऱ्या हवेने कनेक्टर गंजतात, हे गृहीत धरा.

घरगुती जोडणीला बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. कुडाळ-मालवणच्या सहकाऱ्यांसाठी टेलस्केलसारखे खासगी जाळे उभारणे सोपे आणि सुरक्षितही आहे. सर्व्हरचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नये.

भाट्येकिनारा

सर्वांचे आभार. पर्फोर्सकडे आमचा कल आहे. दोन शंका उरतात. आमची अपलोड गती २० एमबीपीएसच आहे, मग पहिल्यांदा सारा प्रकल्प कुडाळला कसा पोहोचवावा? आणि आमच्या प्रोग्रॅमरला गिटच हवे आहे, तर कोड गिटमध्ये आणि अ‍ॅसेट पर्फोर्समध्ये ठेवले तर चालेल का?

जांभा_दगड

६० जीबीला त्या गतीने सहा-सात तास लागतील, तेही वीज न जाता. त्यापेक्षा एका वर्कस्पेसची प्रत हार्डडिस्कवर घ्या आणि कुडाळला जाणाऱ्या कोणाबरोबर ती पाठवा. तिथे फाइली वर्कस्पेसच्या जागी उतरवून ‘पी४ फ्लश’ ही पर्फोर्सची आज्ञा चालवा. ही आज्ञा काहीही डाउनलोड न करता सर्व्हरला एवढेच सांगते की या फाइली इथे पोहोचल्या आहेत. मात्र प्रत ज्या चेंजलिस्टवर (सर्व्हरवर नोंदलेल्या बदलांचा क्रमांकित गट) घेतली तोच क्रमांक फ्लशला द्यावा. अन्यथा सर्व्हरची समजूत एक आणि डिस्कवरची वस्तुस्थिती दुसरी, असे होईल. नंतर ‘पी४ क्लीन’ चालवले की चुकलेली फाइल दुरुस्त होते, पण तुम्ही चेकआउट न करता केलेले स्थानिक बदलही त्यात पुसले जातात, तेव्हा ‘क्लीन’ प्रकल्पावर काम सुरू करण्यापूर्वीच उरकावे.

कोड वेगळा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सी++ मधल्या वर्गाचे नाव बदलले की त्यावर बेतलेले ब्लूप्रिंटही त्याच बदलात जायला हवे. दोन भांडारे असली की एक पुढे आणि एक मागे, हे ठरलेलेच. प्रोग्रॅमरला गिटच हवे असेल तर सारा प्रकल्प फोर्जेजो किंवा गिटीवर (स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची गिटची सॉफ्टवेअर) एलएफएससह ठेवता येतो. तेथे ‘लॉकेबल’ लावून लॉकही मिळतो. फक्त बॅकअपसाठी ‘क्लोन मिरर’वर (भांडाराची प्रत घेणारी गिटची आज्ञा) विसंबू नका. त्यात एलएफएसच्या मूळ फाइली येत नाहीत, नुसते त्यांचे निर्देशक येतात. ‘एलएफएस फेच ऑल’ वेगळे चालवावे लागते.