मों ब्लाँभोवतीची फेरी (टीएमबी): तयारी, हटचे मुक्काम, अनुभव लिहा

मंडळी, साताऱ्यातून आम्ही काही मैत्रिणी पुढच्या उन्हाळ्यात 'टूर दु मों ब्लाँ'ला, म्हणजे आल्प्समधल्या मों ब्लाँ शिखराभोवतीच्या पायी फेरीला, जायचं म्हणतोय. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड मिळून साधारण १७० किलोमीटरची फेरी, एकूण चढाई दहा हजार मीटरच्या आसपास. बहुतेक लोक १०-११ दिवसांत करतात. दिवसभर खिंडी चढायच्या-उतरायच्या आणि रात्री डोंगरातल्या हटवर, म्हणजे ट्रेकर्सच्या मुक्कामाच्या घरात, राहायचं. तंबू न्यायचा नाही, हे पक्कं. वासोटा, मकरंदगड, कास-बामणोली आमच्या पायाखालचं आहे, पण सॅक पाठीवर घेऊन सलग इतके दिवस चालणं वेगळंच. व्हिडिओ भरपूर आहेत. आपल्या भागातून निघालेल्या माणसाला काय अडतं, ते मात्र त्यांत सापडत नाही. जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहा, अगदी खाण्यापिण्यासकट.

कराडहून

ताई, विमानाच्या तिकिटाआधी हट बघा. ही सगळी फेरी हटमधल्या खाटांवर ठरते. हट साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतच उघड्या असतात आणि जुलै-ऑगस्टच्या जागा कित्येक महिने आधी संपतात. आम्ही पहिला दिवस, दुसरा दिवस असं क्रमानं लावत बसलो नाही. जिथं पर्याय कमी, तिथली रात्र आधी धरली. इटलीतून स्वित्झर्लंडमध्ये उतरवणारी ग्राँ कॉल फेरे ही खिंड २५३७ मीटरवर आहे, म्हणजे आपलं कळसूबाई १६४६ मीटर, त्याच्या कितीतरी वर. तिच्या अलीकडची बोनाटी हट मिळाली आणि मग मागचेपुढचे दिवस तिच्याभोवती बसवले. कुर्मायर, शाँपे ही गावं आहेत, तिथं राहायला हॉटेलंही असतात. वर डोंगरात मात्र एक हट भरली की पुढची काही तासांवर.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे तिन्ही देशांना मिळून एकच. अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो आणि ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे करायचा. तीन देशांच्या फेरीत हा हिशोब हटचं बुकिंग झाल्याशिवाय लागतच नाही. प्रत्येक हटच्या मेलची प्रत रात्रीच्या क्रमानं फाइलला लावा. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, पण तेवढ्यावर थांबू नका. डोंगरातून हेलिकॉप्टरनं उचलून आणायचा खर्च त्यात धरलाय का आणि ट्रेकिंगला उंचीची अट आहे का, हे स्वतः वाचा. एजंट 'सगळं कव्हर आहे' म्हणाला तरी वाचा.

मिरजेहून, वय साठीच्या पुढे

मुलींनो, चढाची काळजी करू नका, उताराची करा. दम लागला तर दोन मिनिटं उभं राहता येतं, गुडघा बोलायला लागला की काही उपाय नसतो. फ्रान्समधल्या लेझूश गावापासून घड्याळाच्या उलट दिशेनं निघालात (बहुतेक लोक तसेच निघतात), तर शेवटच्या दिवशी ब्रेवाँ शिखराच्या २५२५ मीटरवरून लेझूशला हजार मीटरच्या पातळीवर यायचं असतं. दीड हजार मीटरचा उतार, तोही इतक्या दिवसांच्या चालण्यानंतर!

मिरजेत आमच्याकडे चढ म्हणजे दंडोबा. तेवढ्यानं भागत नाही म्हणून मी साताऱ्याला बहिणीकडे जाऊन राहायचे आणि रोज पहाटे अजिंक्यतारा. वर जाताना सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून न्यायच्या आणि उतरतानाही तेवढंच ओझं ठेवायचं, पाणी ओतून द्यायचं नाही. लोक वर जाऊन ओझं कमी करतात, तिथंच सराव वाया जातो. पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला, दोन्ही हातांत पोल. उताराला पोलची लांबी थोडी वाढवून घ्यायची. पावसाळ्यातही सोडलं नाही, कारण ओल्या दगडावर पाय कसा टाकायचा हे तेव्हाच कळतं. तिकडे सोबतची तरुण मंडळी संध्याकाळी पायऱ्या उलट्या उतरत होती, मी सरळ उतरत होते. सॅक मात्र आठ किलोच्या वर जाऊ देऊ नका.

सांगलीहून

हटवर राहण्याबद्दल लिहितो, कारण त्यावर फार कमी लिहिलं जातं.

दारातच बूट काढायचे. आत बुटांची मांडणी असते, चिखलाचे बूट आणि पोल तिथंच. ठेवलेल्या चपला घालायच्या किंवा आपल्या न्यायच्या. झोपायला डॉर्मिटरीत शेजारी शेजारी गाद्या. पांघरूण हटचं, पण आत घालून झोपायची चादरीची पिशवी आपली लागते. आम्ही मारुती रोडवरच्या टेलरकडून पातळ सुती कापडाची शिवून घेतली, घडी केली की मुठीत मावायची. अंघोळीला काही ठिकाणी टोकन असतं आणि गरम पाणी मोजकी मिनिटंच. बायकोनं केस धुवायचे दिवस गावातल्या मुक्कामांना लावले होते, ते बरोबर केलं.

रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता बुकिंगमध्येच घ्या. ठरलेल्या वेळी सगळे लांब बाकांवर बसतात, मध्ये सूपचं मोठं भांडं येतं, ते हातोहात सरकवायचं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच लिहा आणि अंडंही चालत नसेल तर तेही स्पष्ट लिहा, नाहीतर ऑम्लेट समोर येतं. चीज, बटाटा, पास्ता, मक्याची पोलेंता यांवर पोट भरतं. तिखटाची आठवण फार येते. मी शेंगदाण्याची चटणी आणि तासगावचे बेदाणे नेले होते. चटणीची डबी आमच्या टेबलावरच्या परक्या लोकांनी संपवली, त्याचा मला फार आनंद झाला.

रात्री दहाला दिवे बंद. सकाळची सॅक आधीच भरून ठेवा, पहाटे प्लॅस्टिकच्या पिशव्यांची चुरचुर सगळ्या खोलीला उठवते.

आणि रोख पैसे ठेवा. वर काही ठिकाणी कार्ड चालत नाही. स्विस बाजूला फ्रँक.

वाईहून

काका म्हणतात ते खरं, आणि त्यात हवामानाचं जोडतो. उन्हाळ्यात तिथं दुपारी वीज-वादळ जमतं, खिंड दुपारच्या आत ओलांडायची. जूनमध्ये वरच्या खिंडींत बर्फ असतो, म्हणून जुलैचा दुसरा पंधरवडा धरा. फनेत्र दार्पेत या २६६५ मीटर उंचीच्या खिंडीची वाट सुंदर आहे पण ती पर्यायी आहे. ढग दिसले तर बोव्हिनची खालची वाट घ्या आणि मागे वळून हळहळू नका. दरीतल्या गावांना बस आहे, एखादीचा पाय दुखावला तर तिनं बसनं पुढं जाऊन संध्याकाळी भेटायचं, हे निघायच्या आधीच एकमेकींत ठरवून ठेवा.

त्रे-ल-शाँ या फ्रान्समधल्या वस्तीच्या पुढं लोखंडी शिड्या लागतात. उंचीची भीती असेल तर कॉल दे मोंते या खिंडीकडून वळसा आहे.

पुन्हा साताऱ्याहून

काकू, दादा, काका, सगळ्यांचे मनापासून आभार. बोनाटीला आज रात्रीच मेल करते. एक शंका: आईचा आग्रह आहे कंदी पेढे न्यायचे, हटवाल्यांना द्यायला. चालतील का?

कराडहून

नाही ताई. बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. तीळगुळाच्या वड्या न्या.