गच्ची गळते तिसऱ्या मजल्यावर, मग तळमजल्याने पैसे का द्यायचे?

गच्चीखालचा, जळगाव

आमची इमारत 2003 सालची. तळमजला आणि वर तीन मजले, 16 फ्लॅट, लिफ्ट नाही. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो. तीन पावसाळे झाले, बेडरूमच्या छताचे पोपडे पडताहेत. यंदा हॉलच्या कोपऱ्यात प्लास्टरचा तुकडाच खाली आला आणि आतली गंजलेली सळई उघडी पडली. त्याच जागी अर्धा तास आधी माझी मुलगी अभ्यासाला बसली होती.

गच्चीचा जुना कोबा उखडून नवा ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) करायचा आणि पॅरापेटच्या म्हणजे कठड्याच्या कडेने वाटा (कोपऱ्यातली गोलाई) मारायच्या, असा एकूण 3,20,000 रुपयांचा अंदाज आलाय. फ्लॅटमागे 20,000. सभेत खालच्या दोन मजल्यांनी सरळ सांगितलं, ‘ज्याच्या डोक्यावर गळतं त्याने बघावं.’

गच्ची माझी आहे का? मला तिला कुलूप लावता येत नाही आणि लावायचंही नाही. कुरडया-पापड सगळ्या घरांचे तिथेच वाळतात. मे महिन्यात पहिल्या मजल्यावरचेही गाद्या घेऊन वर झोपायला येतात. पाण्याच्या टाक्या सोळाही घरांच्या. सोसायटीच्या आदर्श उपविधींत (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत) तर स्पष्ट आहे: गच्ची, पॅरापेट, पावसाच्या पाण्याची गळती, इतकंच नाही, त्या गळतीमुळे वरच्या मजल्याच्या छताचं प्लास्टर गेलं तर तेही सोसायटीनेच खर्च करून नीट करायचं. माझं म्हणणं चुकत असेल तर दाखवा. पण 80,000 रुपये वरच्या चार घरांनी प्रत्येकी भरावेत हे मला मान्य नाही.

तळमजला, धुळे

दादा, मुलगी थोडक्यात वाचली, देवाची कृपा. पण मला तुमचं म्हणणं पटत नाही, आणि का ते सांगतो.

मीही अशाच इमारतीत राहतो, फक्त खाली. आमच्याकडे गच्ची खराब झाली ती पावसाने नाही, वरच्या मजल्याच्या कूलरने. मार्च ते जून चार-चार कूलर गच्चीवर ठेवलेले, त्यांच्या टाक्या भरून वाहतात, तेच खारं पाणी रोज स्लॅबवर मुरतं. डिशची छत्री बसवताना कोब्याला भोकं पाडली, ती कोणी बुजवली नाहीत. ज्यांनी नुकसान केलं तेच आता उपविधी दाखवतात.

दुसरं, आमच्या दारासमोर ड्रेनेजचं चेंबर आहे. ते तुंबलं की घाण माझ्या ओट्यावर येते. वरचे लोक म्हणतात, तुमच्या दारात आहे, तुम्ही बघा. मागच्या दोन वर्षांत दोनदा मी माझ्या खिशातून माणूस बोलावला. तेव्हा कोणाला ‘सगळ्यांचं’ आठवलं नाही. घाण सोळा घरांची आणि खर्च माझा, आणि गच्चीचा खर्च मात्र सोळा घरांचा! मी एक रुपया देणार नाही.

हिशेब पाहणारा, भुसावळ

मी बरीच वर्षं सोसायट्यांचे हिशेब तपासले, म्हणून थोडं लांब लिहितो.

आधी एक विचारतो: तुमची नोंदलेली सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट? आपल्याकडे बऱ्याच इमारती 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली आहेत. तिथे खर्च घोषणापत्रात (इमारतीच्या नोंदलेल्या कागदात) प्रत्येक फ्लॅटचा जो हिस्सा लिहिलेला असतो त्या टक्क्याने वाटतात, 16 ने भागत नाहीत. सोसायटी असेल तर सफाई, जिन्याचे दिवे असं सेवाशुल्क सगळ्यांना सारखं. दुरुस्ती निधी मात्र ज्या त्या फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या प्रमाणात, म्हणजे लहान फ्लॅटला कमी. तेव्हा ‘सगळ्यांनी समान’ हा हट्टही नियमाला धरून नाही.

आता खरा मुद्दा. तुम्ही महिन्याला किती घेता? बहुतेक 300-400. ‘आमच्याकडे मेंटेनन्स फार कमी’ असं लोक अभिमानाने सांगतात. उपविधींप्रमाणे दुरुस्ती निधी वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के आणि वर सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची शिल्लक) किमान 0.25 टक्के. 2003 मध्ये एका फ्लॅटचा बांधकाम खर्च 4,00,000 धरा. दुरुस्ती निधीच वर्षाला 3,000 झाला असता, 16 घरांचे 48,000. वीस वर्षांत व्याज सोडून 9,60,000. तीन गच्च्या झाल्या असत्या. तो पैसा सोळाही घरांनी वाचवला, तुम्हीसुद्धा. आता एकदम 20,000 मागितल्यावर पेन्शनवरचा माणूस दचकणारच.

आणि इमारत पंधरा वर्षांच्या वर गेली म्हणजे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करायला हवं. सळई उघडी पडली आहे, तेव्हा नुसता कोबा टाकून झाकू नका.

माहेर जळगाव, पुण्यात

जळगावचा आमचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. सेवाशुल्काच्या दहा टक्के बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) आम्ही नियमित देतो. सभेची नोटीस मात्र कधी येत नाही, थेट मागणीचा मेसेज येतो. मागच्या वेळी जिन्याच्या रंगाला 8,000 दिले, तीन दरपत्रकं मागितली तर सेक्रेटरी रागावले. पैसे द्यायला ना नाही, पण कोणाला काम दिलं ते आधी कळायला नको का? 25 सभासदांपर्यंतच्या सोसायटीत समितीला 25,000 च्या वर दुरुस्तीखर्च सभेच्या मंजुरीशिवाय करताच येत नाही.

गच्चीखालचा, जळगाव

नोंदलेली सोसायटीच आहे, फ्लॅट सगळे सारख्या मापाचे. मेंटेनन्स 300. भाऊ, तुमचा हिशेब वाचून मी गप्प झालो. 2016 साली 500 करायचा ठराव आला होता, त्याला विरोध करणाऱ्यांत मी होतो. तेव्हा माझं छत कोरडं होतं.

कूलरबद्दल: माझाही एक गच्चीवर आहे.

बोरी काठ, अमळनेर

कोणी द्यायचे ते तुम्ही ठरवा, मी कामाबद्दल लिहितो. घाईघाईने मे महिन्यात काम काढू नका. आपल्या भागात पारा 45 च्या वर जातो, दिवसभर तापलेला स्लॅब फुगतो आणि रात्री आकसतो, भेगा त्यानेच पडतात. त्या उन्हात टाकलेल्या कोब्याला सतत पाणी लागतं, आणि नेमकं तेव्हाच नळाला पाणी नसतं. टँकर मागवून कोबा भिजवणारे मी पाहिलेत, तरी तो वाळून तडकला. दिवाळीनंतर करा, आणि शेवटचा हप्ता देण्याआधी गच्चीवरचं पाणी जायची तोंडं बंद करून दोन-तीन दिवस पाणी साठवून बघा. त्यातच कळतं.

आमच्या गावी धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं. पावसाळ्याआधी दरवर्षी छतावर खारी माती पडायचीच. मृग जवळ आला की गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस विचारायचा, ‘खारी टाकी का रे भो?’ आजोबा एक वर्ष आजारी होते, तर शेजारच्यांनी टाकली, कारण दोन्ही घरांची भिंत एक होती. आमचं गळलं असतं तर त्यांची भिंत फुगली असती. तुमच्या सळया गंजल्या आहेत म्हणता. तो स्लॅब खालच्या तीन मजल्यांच्या डोक्यावरच उभा आहे.

तळमजला, धुळे

हे शेवटचं मला विचार करायला लावतं. तरी माझा प्रश्न तसाच आहे. चेंबरचं काय?

हिशेब पाहणारा, भुसावळ

दादा, उपविधींतल्या ज्या यादीत गच्ची आहे त्याच यादीत ड्रेनेज लाइनही आहे. तुमचे दोन्ही वेळचे पैसे सोसायटीकडे लेखी मागा. नकार आला तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जा. पण गच्चीची वर्गणी अडवून ते वसूल करू नका. थकबाकीवर सरळ व्याज लागू शकतं, आणि थकबाकीदार म्हणून नाव लागलं की तुमचीच बाजू लंगडी पडते.

गच्चीखालचा, जळगाव

धुळ्याच्या दादांचं वाचून काल खाली गेलो. आमचंही चेंबर तळमजल्यावरच्या एका काकूंच्या खिडकीखाली आहे. एकट्याच राहतात. विचारलं तर म्हणाल्या, तीन वर्षांत चार वेळा साफ करून घेतलं, दर वेळी 700 रुपये. पावती एकाचीही नाही. सांगितलं का नाही विचारलं तर म्हणाल्या, ‘पहिल्या वेळी सांगितलं होतं ना तुम्हालाच.’ मला आठवत नाही. त्या खोटं बोलणाऱ्या बाई नाहीत.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत पहिला विषय काकूंचे 2,800 रुपये परत करणं, पावतीशिवाय. दुसरा, गच्चीवरचे कूलर खाली घेणं; माझा आजच उतरवला. तिसरा, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी आणि तीन दरपत्रकं. मग गच्ची. 20,000 एकदम न घेता दहा महिने 2,000. माझ्या हॉलमधलं प्लास्टर तोवर मी स्वतः उतरवून घेतोय, मुलीची खाट दुसऱ्या खोलीत हलवली.

तळमजला, धुळे

काकूंचे पैसे सभेच्या आधीच द्या. सभेत पावतीवरून वाद घालणारा एक तरी निघतो, आणि त्यांना सगळ्यांसमोर ते ऐकावं लागेल. बाकी, मीही अर्ज लिहून ठेवलाय. चेंबरचे मिळाले की गच्चीचे देईन. आधी नाही.

हिशेब पाहणारा, भुसावळ

अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर पोच घ्या.