मदत हवी आहे: पुढच्या सीटचा हीटर एकाच जागी चटका देतो

गाडी टोरांटोत आहे. ड्रायव्हरशेजारची सीट पॉवर आणि हीटेड, दोन्ही. पाठ नीट गरम होते. बसायच्या गादीत मात्र उजव्या मांडीखाली तळहाताएवढा भाग ‘लो’वरही हात ठेववत नाही इतका तापतो, बाकी गादी कोमटच.

फ्यूज शाबूत आहे. जाड कव्हरात उष्णता कोंडते म्हणून तेही काढून पाहिलं, फरक शून्य. सीट पुढे-मागे पूर्ण सरकवली. वायर सीटच्या रुळांत कुठे चेपलेली नाही, मोटर ठीक. थर्मिस्टर (गादीतला तापमान मोजणारा सेन्सर) खोलीच्या तापमानाला साधारण 10 किलोओहम दाखवतो आणि ऊब दिली की उतरतो, म्हणजे तो चालू आहे. पण तो एकाच बिंदूचं तापमान बघतो, त्यामुळे दूरचा चटका त्याला कळत नसावा. मागे सामान ठेवताना सीटवर गुडघा टेकल्यानं एलिमेंटच्या (गादीतल्या तापणाऱ्या भागाच्या) काही तारा तुटल्या असाव्यात, असा माझा अंदाज.

सध्या हीटरचं कनेक्टर काढून ठेवलंय. इथे वडील बसतात. मधुमेहामुळे त्यांच्या पायांची संवेदना कमी आहे, भाजलं तरी वेळेवर कळणार नाही. त्यामुळे ‘लोवर वापरा’ हा उपाय नको.

गादीखाली प्रवाशाचं वजन ओळखणारा एअरबॅगचा सेन्सर आहे. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय हात लावणार नाही.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना विचारतो: बाहेरचा कार्बन फायबर हीटर पॅड गादीत घातला तर वजनाचं रीडिंग बिघडतं का? आणि कंपनीचाच एलिमेंट बसवला, तरी सेन्सर झीरो कॅलिब्रेट (रिकाम्या सीटचं वजन शून्य धरून पुन्हा सेट) करावाच लागतो का?